दोन हत्ती आणि एक लाल यादी

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी ग्लांड म्हणून एक लहानसं गाव आहे. जगातल्या कुठल्या प्राण्याचं कितपत बरं चाललंय, याचा हिशेब तिथं ठेवतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचं मुख्यालय तिथं आहे आणि या संघाची ‘लाल यादी’ १९६४ पासून चालू आहे. यादीत एकूण नऊ वर्ग. एका टोकाला नामशेष झालेले, दुसऱ्या टोकाला ज्यांची सध्या काळजी करायचं कारण नाही असे. मधे असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त अशा पायऱ्या. ज्यांच्याविषयी पुरेशी माहितीच नाही त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वर्ग, आणि ज्यांच्याकडं अजून कुणी बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी आणखी एक.

कोल्हापूरच्या माणसाला एवढे वर्ग झेपत नाहीत. आमच्याकडं वर्ग एकच, जगात भारी. कुस्ती, गूळ, चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा सगळं त्यात बसतं, आणि बसत नसलं तर बसवलं जातं. त्यामुळं एका पावसाळ्यात, पंचगंगेचं पाणी वाढलेलं आणि बाहेर जायला कारण उरलेलं नाही अशा वेळी, मी ती लाल यादी उघडली आणि आमच्या जिल्ह्यातले रानटी सस्तन प्राणी तिच्यात शोधायला बसलो. जिल्ह्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग म्हणजे डोंगरच. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. प्राण्यांना तोटा नाही. हेतू शुद्ध कोल्हापुरी होता, जगाच्या यादीत आपला नंबर कितवा लागतो ते बघायचं.

बघता बघता ध्यानात आलं की आमच्या जिल्ह्यात दुसरीही एक यादी चालते. ती कुठं छापलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात प्राण्याचा दर्जा तो आपल्या दारापासून किती लांब उभा आहे, यावरून ठरतो.

या यादीत सगळ्यात वरचा मान मेलेल्यांना. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत, अस्वलं आहेत, आणखी बरीच जनावरं आहेत. शाळेच्या सहली येतात, बाई दोरीपलीकडं हात करू नका म्हणतात, आणि काचेच्या डोळ्यांचे ते वाघ सगळ्यांकडं सारख्याच सौजन्यानं बघतात. या वाघांविरुद्ध कुठल्याही गावानं आजवर निवेदन दिलेलं नाही.

चित्त्याचंही तसंच. कोल्हापूर दरबारी शिकारी चित्ते होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना माळावर नेत आणि काळविटांच्या कळपावर सोडत. त्यांना माणसाळवणारे चित्तेवान हा इथला एक मानाचा हुन्नर होता. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तसे संस्थानानं ते आफ्रिकेहून आणवले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढं सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे आठ चित्ते विमानानं आले, मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले आणि सगळा देश टीव्हीला डोळे लावून बसला. आमच्या पेठेत मात्र चहाच्या गाड्यावर एक जण शांतपणे म्हणाला, “आफ्रिकंचं चित्तं? आमच्याकडं हे शाहू-राजाराम महाराजांच्या वेळचं.” जगात भारी असण्याचा एक तोटा असा की कुठल्याच गोष्टीचं नवल वाटत नाही.

शिकारीचा विषय निघालाच आहे तर दाजीपूरचं सांगायला हवं. हे छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. दुसऱ्या कुणी तिथं कुऱ्हाड चालवायची नाही, बार काढायचा नाही, असा दंडक असल्यामुळं झाडं राहिली आणि झाडांमुळं गवे राहिले. बंदुकीच्या सावलीत प्राणी वाचावेत ही गोष्ट पचायला जड आहे, पण झालं ते असं. १९५८ मध्ये तिथं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. म्हणजे आणखी एक यादी. पण या वेळी नंबर लागला, आणि राधानगरीच्या एसटी स्टँडवर त्याचा फलकही लागला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

गवा लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मात्र असुरक्षित कोण आहे याबद्दल वेगळं मत होतं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो. बुद्धपौर्णिमेला वनखातं हौशी लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसायला देतं, चांदण्यात येणारे प्राणी बघायचे आणि कागदावर नोंदवायचे. मी गेलो होतो. जोडीदार मिळाला तो निवृत्त बँक कर्मचारी. त्यांनी आयुष्यभर रोकड जुळवली होती, त्यामुळं प्राणीही जुळले पाहिजेत असा त्यांचा आग्रह. रानडुकरं आली, गेली, आणि थोड्या वेळानं परत आली. “हीच मघाची का दुसरी?” यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी जमा-नावे अशा दोन ओळी आखल्या. मी भडंगाची पुडी उघडली तेव्हा झालेल्या आवाजानं एक भेकर न नोंदवताच पळालं, हे त्यांनी शेऱ्यात लिहिलं.

पहाटेच्या सुमारास गवे आले. आधी कारवीत नुसती हालचाल, मग काळ्या पाठी, मग गुडघ्याखालचे पांढरेशुभ्र पाय. पुढं एक जाणती गवी होती. तिनं मान वर करून आमच्या मचाणाकडं बराच वेळ बघितलं आणि आम्ही दखल घेण्याजोगे नाही असा निर्णय घेऊन पाण्याला तोंड लावलं. निवृत्त कर्मचारी नोंद करायचं विसरले. एवढ्यावरून त्यांच्याबद्दलचं माझं मत एकदम सुधारलं.

दाजीपूरमधल्या गव्यावर कोल्हापूरकराचं प्रेम आहे ते असं. तोच गवा डिसेंबर २०२१ मध्ये शहराजवळ पंचगंगेच्या परिसरात उतरला तेव्हा प्रेमाचं रूप बदललं. अर्धं गाव मोबाईल घेऊन त्याच्या मागं. ऊस तोडायला माणूस मिळत नाही म्हणतात, पण गव्याच्या मागं पळायला एवढी माणसं कुठून येतात हा अभ्यासाचा विषय आहे. त्या धावपळीच्या दिवसांत भुयेवाडीला एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्याआधी बरोबर वर्षभर, डिसेंबर २०२० मध्ये, पुण्यात कोथरूडला असाच एक गवा आला होता. तो गर्दीपुढं धावून धावून, जाळ्या आणि बेशुद्धीच्या औषधानंतर, गेला. दोन डिसेंबर. एकदा माणूस गेला, एकदा गवा, आणि व्हिडिओ दोन्ही वेळा भरपूर निघाले. यावर विनोद करायला माझी जीभ उचलत नाही.

बिबट्याचं थोडक्यात. तोही यादीत असुरक्षितच. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नागाळा पार्कात आला. ज्या भागातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याचं आमंत्रण असतं, तिथं निसर्ग स्वतः भिंतीवरून उडी मारून आल्यावर मात्र दारं लागली.

त्याच महिन्यात जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला एक मंगल कार्य होतं. ते जरा खुलासेवार सांगतो. घर आहे, रान आहे, पोरगं निर्व्यसनी आहे, पण मुलगी मिळत नाही, ही पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावची तक्रार. सह्याद्रीतल्या वाघांचंही तेच होऊन बसलं होतं. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं हजारावर चौरस किलोमीटरचं स्थळ. पण वाघ बरीच वर्षं कागदावर जास्त आणि पाऊलवाटेवर कमी. मग डिसेंबर २०२३ मध्ये कॅमेऱ्यात एक नर सापडला, पुढं आणखी दोन. नावं पडली सेनापती, सुभेदार आणि बाजी. हुद्दे भारदस्त, रान प्रशस्त आणि घरात बाईमाणूस नाही. शेवटी सरकारनंच मध्यस्थी केली. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, ताडोब्याहून, वाघीण आणली. रुखवताची पद्धत इथं उलटी, ते मुलाकडच्यांनी आधीच मांडून ठेवलं होतं. सागरेश्वरातली चितळं आणून चांदोलीत सोडलेली होती. वाघिणीचं माहेरचं नाव चंदा, सासरी ते बदलून तारा झालं. करवीरच्या गादीला ताराराणींची आठवण करून द्यावी लागत नाही, त्यामुळं नाव सगळ्यांना पसंत पडलं. आमच्या पेठेत पेढे वाटायचेच बाकी होते. फक्त शिराळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं फोनवर विचारलं, “पोरगी चांगलीच असंल. पर तिला हद्द दावलीय का?”

वाघ ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. त्याच वर्गात, त्याच जंगलात कोळसुंदाही आहे. कोळसुंदा म्हणजे तांबूस अंगाचा, झुबकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा. लाल यादीच्या अंदाजात जगभरातल्या रानात प्रजननक्षम वयाचे कोळसुंदे ९४९ ते २,२१५ एवढेच. वाघांचा तोच आकडा याहून मोठा आहे. म्हणजे कोळसुंदा वाघापेक्षा दुर्मीळ. पण त्याच्या नावाचा प्रकल्प नाही, त्याला कुणी सेनापती म्हणत नाही आणि त्याच्यासाठी कुणी स्थळ शोधत नाही. कुत्र्यासारखं दिसण्याची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कुणी मोजली नसेल. खवले मांजरही याच वर्गात. ते बिचारं संकट आलं की अंगाचा चेंडू करतं. वाघापुढं हा उपाय चालतो, पण तस्कराला उलटी सोय होते, उचलून पिशवीत घालता येतं. आपल्या नखांत असतं तेच द्रव्य त्याच्या खवल्यांत असतं, तरी ते औषधी म्हणून देशोदेशी विकलं जातं. घाटाखाली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात या प्राण्याची पालखी काढली गेली. मला ही कल्पना फार आवडली. एकदा पालखीत बसलेल्याला पिशवीत घालायला हात सहजी धजत नाही.

शेकरू हा आपला राज्यप्राणी, पण यादीत काळजी नसलेल्यांत. पिसोरी हे सशाएवढं हरीणही तिथंच. यादी सगळ्या जगाचा हिशेब करते. आपल्या डोंगरातलं एक रान तुटलं म्हणून तिथला शेरा बदलत नाही.

आणि हद्दीपलीकडचं एक वटवाघूळ. बेळगावच्या खानापूर तालुक्यात बारापेडेच्या गुहेत १९१२ मध्ये ते सापडलं, रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. कित्येक दशकं जगात ते फक्त या एका गुहेत आहे असं समजत. एके काळी ते अतिसंकटग्रस्त मानलं गेलं, पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं, आणि आता त्याचा वर्ग आहे ‘माहिती अपुरी’. सीमाभागातल्या मराठी माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. प्रकरण प्रलंबित.

आता हत्ती. हत्तीचं नाव काढलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात, कारण माझी आत्या शिरोळ तालुक्यात दिलेली आणि मामा आजरा तालुक्यातला.

आत्याचा हत्ती म्हणजे नांदणीच्या जैन मठाची महादेवी, सगळ्यांची माधुरी. १९९२ पासून ती मठात होती. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्या तिच्या सोंडेचा आशीर्वाद घेऊन परीक्षेला बसल्या. तिच्या पायांची आणि सांध्यांची दुखणी, तिचं एकटेपण, हे मुद्दे कोर्टापर्यंत गेले. जुलै २०२५ मध्ये आधी उच्च न्यायालयानं आणि मग २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात पाठवण्याचा निर्णय कायम ठेवला. तिला निरोप देताना नांदणी ढसाढसा रडली. ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत चालत आली. वनतारा ज्यांचं त्यांचीच मोबाईल कंपनी, म्हणून लोकांनी सिमकार्डं बदलली. आत्यानंही बदललं, आणि नवा नंबर कुणाला कळवला नाही, त्यामुळं आठवडाभर ती हरवल्यासारखीच होती. ती मोर्चात हातकणंगल्यापर्यंत चालली. हत्तिणीचे सांधे दुखतात असं कोर्टात सांगितलं, हे मी तिला समजावायला गेलो तर म्हणाली, “माझं बी दुखतात. म्हणून मला कुणी गुजरातला नेलंय का?” मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मामाचा हत्ती मठातला नव्हे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती आधी दोडामार्गात आणि पुढं चंदगड-आजऱ्याच्या डोंगरांत उतरले. त्यातला एक टस्कर चाळोबाच्या रानात रमला, म्हणून लोक त्याला चाळोबा गणेश म्हणतात. तो ऊस खातो, भात तुडवतो, केळी उपटतो, काजूच्या फांद्या मोडतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, पण मानांकन मिळालेलं पीक सोडून द्यावं असं काही हत्तीच्या मनात येत नाही. रात्री बॅटऱ्या, डबे, फटाके घेऊन माणसं बांधावर. सकाळी पंचनामा.

मोर्चाच्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्याच्या पोरानं ‘आमची माधुरी परत द्या’ असा फलक टाकला. पाच मिनिटांत मामाचा मेसेज आला, “हिकडं एक हाय. फुकट. येऊन न्या.” सोबत आडव्या झालेल्या उसाचा फोटो. आत्याचं उत्तर लगेच आलं, “तो आमचा न्हवं.”

जीवशास्त्राच्या दृष्टीनं दोघं एकाच जातीचे. आशियाई हत्ती १९८६ पासून संकटग्रस्त आहे. पण लाल यादी फक्त रानात जगणाऱ्यांचा हिशेब मांडते. त्यामुळं ज्या हत्तिणीसाठी अर्धा जिल्हा रस्त्यावर आला, ती ग्लांडच्या हिशेबात धरलेलीच नाही, आणि ज्याच्यावर मामा फटाके उडवतो तो एक-एक करून मोजला जातो. डिसेंबर २०२० मध्ये आजरा-भुदरगड, चंदगड अशा डोंगरपट्ट्यांना संवर्धन राखीवचा दर्जा द्यायचं सरकारनं ठरवलं. दर्जा रानाला मिळाला. बांधावरची रात्रपाळी पूर्वीसारखीच मामाकडं राहिली.

मी मामाला ही सगळी यादी समजावून सांगितली. त्यानं मन लावून ऐकलं. मग विचारलं, “त्या गावात हत्ती हाय का?”

“नाही.”

“बिबट्या?”

“नाही.”

“मग यादी कराय येळ हाय त्यास्नी,” मामा म्हणाला. पण हत्तीबद्दल बोलताना तो कधी एकेरीवर येत नाही. “राती गणपती आल्तं. उगवतीकडचा ऊस खाल्ला त्यांनी,” असं म्हणतो, आणि हे सांगताना त्याच्या आवाजात नुकसानीइतकाच, मोठं कुणी घरी येऊन गेल्याचा तोराही असतो.

गेल्या हिवाळ्यात मामाच्या नातवाचं बारसं होतं, आत्या आजऱ्याला आली. नांदणी सुनी झाल्यापासून तिला सोंडेचं दर्शन नव्हतं. तिनं येताना केळ्यांचा घड आणि गुळाची ढेप आणली होती, आणि ती बाळासाठी नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी ती पदर खोचून परड्यातून रानाकडं निघाली. मामानं हाताला धरून परत आणली. “आक्का, त्ये माहूतवालं न्हवंत. आशीर्वाद मागाय गेलीस तर अंगावर येतील.” आत्यानं घड परड्याच्या कुंपणावर ठेवला आणि रागानं झोपायला गेली.

रात्री हत्ती आला. कुत्री भुंकली, मग एकदम गप्प झाली. कुडापलीकडं काहीतरी मोडल्याचे आवाज येत राहिले. पाळण्यातलं बाळ सोडून सगळं घर जागं होतं. सकाळी बघितलं तर कुंपणावरचा घड जागेवर होता, आणि त्यामागची सहा केळीची झाडं गाभ्यासकट गेली होती. आत्याच्या तोंडावर मोर्चानंतर पहिल्यांदाच हसू दिसलं.

वनरक्षक पंचनाम्याला आला, टेप धरली, कागद काढला. आत्या पुढं झाली. “ल्ह्यू नगासा. देवाला दिलेलं परत मागत्यात व्हय?”

“आक्का, देव तुझा,” मामा म्हणाला, “पर केळी माझी. ल्हिवा वो सायेब. सहा.”